ओट्यावरचं बसणं

घंटागाडीच्या भोंग्यातली बाई म्हणाली, "ओला कचरा वेगळा ठेवा, सुका कचरा वेगळा ठेवा," आणि छाया स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, "हाव हो बाई, ठेवला वेगळा, थांबा जराशा." म्हणून झाल्यावर तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ती बाई रेकॉर्डवरची आहे हे छायाला काय माहीत नव्हतं? रोज सकाळी तीच बाई, तेच बोलणं, मागून तेच गाणं. पण उत्तर आपसूक गेलं, शेजारणीला द्यावं तसं, आणि गेलं तेही फाटक्या आवाजात, घशाला गंज चढल्यासारखं. तिनं खाकरून पाहिलं. मग, याआधी आपण कोणाशी बोललो ते कधी, हे आठवायला लागली. काल? काल दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून निघून गेला होता. परवा दुकानात तिनं साबणाकडे नुसतं बोट दाखवलं होतं. त्याच्या आधीचं काही हाताला लागेना. गाडी पुढच्या गल्लीत गेली, बाईचा आवाज बारीक होत गेला आणि कचरा दाराशीच राहिला. छायाला आधी हसू आलं. मग भीती वाटली, आणि ती दिवसभर गेली नाही.

तसं पाहिलं तर तक्रारीला जागा नव्हती. घर स्वतःचं, दोन खोल्या, पुढे ओटा, फाटकाशी जास्वंद. बुलढाण्याच्या या नव्या वस्तीत अर्ध्या घरांची कथा तीच होती: घाटाखाली कुठेतरी शेती, शेतीपाशी पुरुष, आणि पोरांच्या शिक्षणासाठी बाई इथे वर, शहरात. लेक प्रेरणा पाचवीत गेली तेव्हा नवऱ्यानं, ज्ञानेश्वरनं, धामणगाव बढ्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या, पंखा, गव्हाची कोठी आणि छाया असं सगळं भरून राजूर घाट चढवला होता. "पोट्टीची धावी होऊ दे, मंग येजो वापस," असं म्हणाला होता. दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, पोरगी पुण्याला नोकरीला लागली, आणि छायाला वापस नेण्याची गोष्ट कोणी काढली नाही. मुद्दाम टाळली असंही नाही. इतक्या वर्षांत गावाकडचं घर तिच्यावाचून चालायला शिकलं होतं, एवढंच. धाकट्या जावेनं, कोकिळानं, चुलीपासून दूधदुभत्यापर्यंत सगळं हाती घेतलं होतं आणि नीट घेतलं होतं. मागच्या दिवाळीत छाया गावी गेली आणि वरणात घालायला मीठ शोधू लागली, तर मीठ जागेवर नव्हतं. कोकिळा धावत आली. "तुमी कायले उठता ताई? बसा ना. चार दिवसासाठी तं आल्या." प्रेमानंच म्हणाली बिचारी, आणि म्हणूनच छायाला रागावता येईना. लग्न करून ज्या घरात आली तिथे पाहुणी, आणि ज्या घरात राहते तिथली राखणदार. धोब्याचं कुत्रं घरचं ना घाटचं म्हणतात; छाया निदान घाटावरची तरी होती.

घंटागाडीची गोष्ट तिनं प्रेरणाला फोनवर हसण्यावारी सांगितली. प्रेरणा हसली नाही. "आई, तू कोणाशी बोलत नाहीस का?" "बोलतो ना वं." "मला खरं सांग." हे 'मला' छायाला दर वेळी खुपे. पुण्याला जाईपर्यंत पोरगी 'मले' म्हणायची; तिकडच्या मैत्रिणी हसल्या असतील, तिनं ते सोडून दिलं. सोडावंच. पण आईशी बोलताना तरी कशाला? दुसऱ्या दिवशी प्रेरणानं मोबाइलवर एक ध्यानाचं काहीतरी पाठवलं आणि पुन्हा फोन करून समजावून सांगितलं. रोज एकच वेळ, एकच जागा. सकाळचा चहा तर तू चुकवत नाहीस ना, मग चहालाच हे जोडून टाक. कप खाली ठेवला की बसायचं. थोडंच बस, पण रोज बस. एखादा दिवस चुकला तर चुकला, लागून दुसरा चुकवायचा नाही. मन भटकलं तर त्याला रागवायचं नाही, बोटाला धरून श्वासाकडे परत आणायचं. "अन् कशासाठी बसाचं?" छायानं विचारलं. "कशासाठी नाही आई. नुसतं बसायचं." छायाच्या सासूच्या तोंडी 'नुसती बसली' ही सगळ्यात मोठी शिवी होती. शेंगा फोडत बसावं, गहू निवडत बसावं, अगदीच काही नाही तर लेकराला मांडीवर घेऊन बसावं. बाई नुसती बसली की घराची दशा फिरते, असं म्हातारी म्हणे. आता घरात निवडायला गहू होते ते एकटीपुरते, आणि नुसतं बसायचं तेही पोरीच्या सांगण्यावरून शिकायचं होतं.

पहिल्या दिवशी ती देवघरापुढे बसली. मोबाइलमधला माणूस थंड, धुतल्या आवाजात म्हणाला, "श्वास आत येतोय, त्याच्याकडे पहा." छायानं पाहिलं. श्वास आत आला, बाहेर गेला, आणि लगेच आठवलं की दूध झाकलं नाही. ती उठली, दूध झाकलं, परत बसली. मग डावा पाय मुंग्यांनी भरला. मग नाकाचा शेंडा असा खाजायला लागला की जन्मात कधी खाजला नव्हता. यातलं काही फारसं वाईट नव्हतं. वाईट वेगळंच होतं. डोळे मिटले की मागचं घर मोठं व्हायचं. प्रेरणाची खोली, तिच्या पुस्तकांचे खोके, कोपऱ्यातली रिकामी कोठी, सगळं हळूहळू पाठीशी येऊन उभं राहायचं आणि छायाच्या मानेवर काटा यायचा. भूतबीत नव्हे. भूत असतं तर निदान कोणी असतं. तिथे कोणीच नाही हे डोळे उघडे असताना सहन व्हायचं, मिटले की व्हायचं नाही. म्हणून एका सकाळी तिनं चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि आसन तिथेच टाकलं. ओट्यावर बरं वाटलं. पाठीला भिंत होती, पुढे गल्ली होती. कोणीतरी अंगण झाडत होतं, नगरपालिकेच्या नळाचं पाणी आलं म्हणून कुठेतरी मोटर घरघरत होती, कोणाच्या तरी कढईत कांदा पडला होता. श्वासाकडे पाहायचं सोडून ती गल्लीच ऐकत बसे. पण बसे मात्र रोज. चहा, कप खाली, डोळे बंद. हळूहळू असं व्हायला लागलं की आवाज यायचे आणि जायचे, ती त्यांच्या मागे धावायची नाही, आणि मध्येच कुठेतरी आत गार पाण्यात पाय सोडल्यासारखं वाटायचं. एवढंसंच. पण ते तिचं स्वतःचं होतं, कोणी वाढून दिलेलं नव्हतं.

एका शुक्रवारी तिनं पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं आणि केस वाळायला मोकळे सोडून ओट्यावर बसली. झोप अपुरी होती. श्वास पाहता पाहता मान कधी डुलायला लागली, घशातून 'हूं' असा हुंकार कधी निघाला, तिला कळलं नाही. समोरच्या जनकाबाई नेहमीप्रमाणे फाटकातून हात घालून जास्वंदीची फुलं तोडत होत्या. साठी ओलांडलेली बाई, रोज सकाळी दुसऱ्याच्या झाडाची फुलं तोडून स्वतःच्या देवाला वाहायची आणि पुण्य कोणाच्या खात्यावर पडतं याची फिकीर करायची नाही. छायाला त्यांचं येणं पावलांवरून कळायचं, जाणंही कळायचं. त्या दिवशी जाणं ऐकू आलं नाही. फाटक वाजलं, पावलं पायरीपाशी आली, थांबली, धावत गेली, धावत परत आली. मग कपाळावर एक अंगठा टेकला. खरखरीत, गरम, कुंकवानं भरलेला अंगठा, आणि तो दोन्ही भुवयांच्या मध्ये जोर देऊन फिरला. "माय वं," जनकाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या गल्लीत आली तू." आणि त्यांनी छायाच्या मांडी घातलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

छायाला तेव्हाच डोळे उघडता आले असते. एवढं सोपं काम होतं. काकू, अहो मी आहे, डुलकी लागली होती, असं म्हणून दोघी हसल्या असत्या आणि वर्षभर पुरेल एवढी गंमत झाली असती. पण कपाळावर तो अंगठा पडला तेव्हा तिच्या सगळ्या अंगात जे काही झालं त्यानं तिला जागचं हलू दिलं नाही. आपल्याला किती दिवसांत कोणी हात लावला नाही, हे तिला त्या अंगठ्यानं सांगितलं. डोळ्यांचा डॉक्टर, बांगड्या भरणारी, बसमध्ये शेजारी टेकलेली कोणी बाई, मागे मागे जात ती शोधत राहिली. जनकाबाईंच्या पांढऱ्या केसांचा भार पायांवर होता, खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि छायाला वाटलं, आणखी थोडा वेळ. आणखी जरासं राहू दे. डोळे मिटूनच ती रडायला लागली, आणि रडू पाहून जनकाबाईंची उरलीसुरली शंका फिटली.

दुसऱ्या दिवशी पायरीवर चार बायका होत्या. नंतर जास्त. कोणी ओटीचा नारळ आणला, कोणी दह्याची वाटी. देवी नेमकी कोणती यावर गल्लीत दोन पक्ष पडले आणि दोघांनीही आपापली आरती म्हटली. छाया बसलेली असे. ती काही बोलत नसे, आणि बोलत नसे म्हणूनच तिचं वजन वाढत गेलं; बोलणाऱ्या देव्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. बायका प्रश्न विचारत, थांबत, आणि मग उत्तर मिळाल्यासारख्या आपसात बोलत. नणंदेच्या कुरबुरी, पोराच्या सोयरिकी, गुडघे, ज्याच्या त्याच्या घरचं उणंदुणं, सगळं छायाच्या मिटल्या पापण्यांसमोरून जाई. इतकी वर्षं या गल्लीत काढून तिला जे कळलं नव्हतं ते डोळे मिटून कळलं. तिला ते आवडत होतं. आवडत होतं हे ती स्वतःपाशी लपवत नव्हती. उद्या सांगू, असं ती रोज रात्री निजताना म्हणे, आणि सकाळी चहाचा कप खाली ठेवताना तिचे कान फाटकाकडे लागत. ध्यान कसलं, आत गार पाणी कसलं. ती आता श्वासाकडे पाहत नव्हती, पावलांकडे पाहत होती. आणि गंमत अशी, की सकाळ सरली की सगळं परत सुनं. पूर्वी वाटीभर साखर मागायला तरी कोणी यायचं. आता कोणी येईना. देवीच्या घरी साखर कोण मागणार? रस्त्यात भेटल्या की बायका पदर सावरून बाजूला सरत आणि नजर खाली घालत. छाया "काय चाललं?" म्हणे, त्या "तुमची कृपा" म्हणत आणि निघून जात.

पुढे एका रविवारी ज्ञानेश्वर आला. बाजार, बियाण्याचं दुकान, मग घर, असा त्याचा ठरलेला फेरा. मोटारसायकल लावून तो नेहमी थेट स्वयंपाकघरात येई, डब्यातले शेंगदाणे तोंडात टाकी, "काऊन वं, काय केलं आज?" म्हणे. त्या दिवशी बाहेरच पाय धुतले आणि बैठकीत टेकला. छायानं पाणी दिलं तर त्यानं ग्लास दोन्ही हातांनी घेतला. "गावात आयकलं," तो म्हणाला. "काय आयकलं?" "तेच. तुह्या अंगात येते म्हून." छाया म्हणाली, "काही येत नाही हो. पोरीनं सांगतलं म्हून बसतो सकाळी. डोळे लावून बसतो, बस." तो समजूतदारपणे मान हलवत राहिला, दवाखान्यात रोग्यापुढे हलवतात तशी. "मी काय म्हणतो का? चांगलंच हाये. घरात देव येते तं वाईट काय?" जेवण झालं. तिनं आतल्या खोलीत दोघांचं अंथरूण घातलं, तर तो उशी उचलून बैठकीतल्या पलंगाकडे निघाला. "तिकडे कुठी?" "नाही, इथंच झोपतो. देवाचं राह्यते. आपण शेतातले माणसं, इटाळचंडाळ होते." ती दारात उभी होती. हा माणूस महिन्यातून दोन-तीनदा येई, फार गोड बोले असंही नाही, पण निजल्यावर त्याचा एक जड हात तिच्या दंडावर पडलेला असे, झोपेत, नकळत. त्या हाताच्या भरवशावर तिनं बाकीच्या रात्री काढल्या होत्या. सकाळी निघताना ज्ञानेश्वरनं गाडीला किक मारण्याआधी तिच्याकडे वळून हात जोडले. स्वतःच्या नवऱ्यानं जोडलेले हात पाहून तिला जे वाटलं ते रांडावपणाहून वेगळं नव्हतं.

त्या सकाळी तिनं पक्कं ठरवलं. आता सांगायचं. बसायचं ते घरात बसू, भ्यालो तर भिऊ, पण हे पुरे. ओट्यावर ती गेली ती सांगायलाच. मात्र सवयीनं कप खाली ठेवला आणि डोळे मिटले गेले, आणि बायका जमण्याआधीच जनकाबाई आल्या. एकट्या. त्या पायरीवर न बसता वर ओट्यावर आल्या आणि छायाच्या अगदी जवळ बसल्या. "माय, कोणाले सांगतलं नाही," त्या म्हणाल्या, "तुलेच सांगतो. मह्या छातीत गाठ हाये. डाक्टर म्हणते अकोल्याले जा, लवकर काढून टाका. महा पोरगा जीवन मांगं लागला. पर मले भेव वाटते माय. कापलेलं माणूस वापस येते का? मही बहीण गेलती, ते नाही आली." त्यांच्या श्वासाचा आवाज छायाला ऐकू येत होता, स्वतःच्या श्वासाहून स्पष्ट. "आता तूच कौल दे. तुह्या डोक्सावर फूल ठेवतो. उजव्या अंगाले पडलं तं जातो. डाव्या अंगाले पडलं तं नाही जात, मंग जे होईन ते होईन." आणि छायाच्या टाळूवर काहीतरी ओलं, हलकं टेकलं. जास्वंद. दंव अजून त्यावर होतं. एक थेंब केसांतून ओघळत कानामागे आला. छायाला कळत होतं की मान उजवीकडे कलवायला हवी. कळत होतं, आणि ती दगडासारखी बसून होती, कारण ज्या गोष्टीत आपण कधी हातच घातला नाही ती आता एकाएकी आपल्या मानेवर आली होती. तिनं मान हलवली तेव्हा उशीर झाला होता. फूल डाव्या खांद्यावर पडलं आणि तिथून मांडीवर. जनकाबाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "नाही म्हणते. बरं झालं व माय. बरं झालं."

छायानं डोळे उघडले. "काकू," ती म्हणाली, "मी छाया हाये. मी देवी नाही. कधीच नोती. पोरीनं ध्यान शिकवलं, म्हून बसत होती. तुमी अकोल्याले जा. आज जा." जनकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, फसल्याची लाज नव्हती. उलट लेकराकडे पाहावं तसं त्या हसल्या. "तुमाले काय मालूम, प्रेरणाची आई? ज्याच्या अंगात येते त्याले काई आठवते का?" "अवो काकू, सगळं आठवते मले. तुमी फूल ठेवलं, तेही आठवते." "हाव, हाव," जनकाबाई तिच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "दमल्या तुमी. चहा घ्या." आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. छाया त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली, काकू, काकू म्हणत. खरं बोलायला इतके दिवस लावले, आणि आता खऱ्याला कोणी विचारत नव्हतं. देवी गप्प राहिली तरी तिचं ऐकत होते; छाया ओरडली तरी तिला चहा पी म्हणत होते.

तो दिवस तिनं घरात येरझारा घालून काढला. जीवनला सांगावं, तर तो आईपुढे हरलेला होताच. प्रेरणाला फोन लावला आणि ती "बोल ना आई" म्हणाली तेव्हा, "बसतो रोज, बरं वाटते," एवढंच सांगून ठेवून दिला. काय सांगणार होती? एका बाईचा जीव आपल्या मानेवरून डाव्या बाजूला घसरला, हे पुण्यापर्यंत कसं न्यायचं? आपण खोटं बोललो नाही, नुसत्या गप्प बसलो, अशी तिनं मनाशी फार दिवस सोय लावून ठेवली होती. आता त्या सोयीत तिला उभं राहता येईना. आणि खोट्यातून सुटायला निघाली तर समोर एकच वाट होती, तीही खोट्याचीच, आणि या खेपेला तोंड उघडून. संध्याकाळी चूल पेटवावीशी वाटली नाही. सकाळचा भात ती ताकात कालवून जेवली आणि जेवताना तिला उमगलं की काय करायचं ते ठरलं आहे, फक्त त्याच्या पुढचं ठरायचं आहे. पुढचं म्हणजे हे, की एकदा बोलली की उद्या दुसरी फूल घेऊन येईल, परवा तिसरी. आणि आपण नाही म्हणणार नाही. आपल्याला ती पावलं हवी आहेत. हे तिला स्वतःबद्दल अगदी लख्ख माहीत होतं.

सकाळी तिनं पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं, केस मोकळे सोडले, कपाळाला स्वतःच कुंकू लावलं. कप खाली ठेवला. बायका आल्या, जनकाबाईही आल्या. कौल मिळाल्यापासून त्या हलक्या झाल्या होत्या आणि कोणाशी तरी पापडांचं बोलत होत्या. छायानं मान डोलवायला सुरुवात केली. झोपेत डोलायची ती सहज डोलायची, आता मुद्दाम डोलताना मान लाकडाची वाटत होती. तिला वाटलं, या ओळखतील. कोणी ओळखलं नाही. तिनं हुंकार दिला, आणि पायरीवरचं बोलणं बंद झालं. मग आवाज आला. तो तिचाच होता, पण कुठून आला ते तिला कळलं नाही. लहानपणी घाटाखालच्या तिच्या गावी बायका शेतातून एकमेकींना हाका मारत, तसा मोकळा, पोटातला. "जनके," ती म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला नावानं हाक मारताना जीभ अडली नाही. "अकोल्याले जाय. गाठ काढून टाक. तो कौल माहा नोता, वाऱ्याचा होता. माहं आयकत असशीन तं आजच निंग." कोणीतरी हुंदका दिला. जनकाबाई "जातो माय, जातो" म्हणत ओट्यावर आडव्या झाल्या. एवढं पुरे होतं. काम झालं होतं. छायाच्या पायांवर तो पांढऱ्या केसांचा भार पुन्हा आला, तेलाचा वास आला, आणि तिला वाटलं, इथेच थांबावं, कोणी विचारलं नाही त्याचं उत्तर कशाला द्यावं. तरी ती बोलली. "अन् आयका समद्या. मी निंगाली इथून. या बाईच्या अंगात आता येत नाही. उद्यापासून या ओट्यावर कोणी येऊ नोका." बोलताना ती रडत होती, आणि देवी जाताना रडते हे सगळ्यांना माहीतच होतं.

दुपारी जीवननं भाड्याची गाडी आणली. छायानं पिशवीत दोन लुगडी, टॉवेल, डबा भरला आणि फाटकात जाऊन उभी राहिली. "मी येतो संगं," ती म्हणाली, "दवाखान्यात बाईमाणूस लागते." जनकाबाई मागच्या सीटवर सुनेच्या शेजारी बसल्या होत्या. "तुमी कायले येता प्रेरणाची आई? सून हाये ना. तुमचं घर कोण पाहीन?" आता त्या नजर खाली घालत नव्हत्या. सरळ पाहत होत्या, शेजारणीकडे पाहावं तसं, आणि त्यांच्या बघण्यात कीवही होती. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी छायाचं मनगट धरलं. "देवी गेली म्हून तुमाले सुनं वाटत असंन." छाया म्हणाली, "हाव काकू. लय सुनं वाटते." हे ती इतक्या वर्षांत कोणाला म्हणाली नव्हती. जनकाबाईंनी मान हलवली. मग आवाज खाली आणून, सुनेला ऐकू जाऊ नये असा, त्या म्हणाल्या, "येक गोष्ट इचाराची राहूनच गेली तिले. जाय म्हणाली, म्हून चालली. पर वापस येतो का नाही मी, ते नाही इचारलं." छाया वाकली. "येता ना काकू. येताच तुमी वापस." जनकाबाई हसल्या, कोणीही चांगलं बोललं की हसतात तसं. "तुमच्या तोंडात साखर पडो," त्या म्हणाल्या, आणि जीवननं गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी छायानं चहा केला, कप ओट्यावर ठेवला आणि बसली. फाटक वाजलं नाही. पायरीवर कोणी नव्हतं. गल्लीतल्या बायका सांगितल्याप्रमाणे वागत होत्या, देवीचा शब्द त्या मोडणार नव्हत्या. मोबाइलमधला माणूस तिनं सुरू केला नाही. श्वास आत आला, बाहेर गेला. अकोल्याला आता त्यांना आत नेलं असेल, की अजून बाहेर बाकावर असतील, की सुनेनं उपाशीपोटी गोळी दिली असेल, हे काही तिला ठाऊक नव्हतं आणि कळवायला तिचा नंबर कोणी घेऊन गेलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी ती हळूच म्हणाली, "वापस येईन का वं ते?" कोणाला म्हणाली ते तिला सांगता आलं नसतं. बायका विचारून झाल्यावर थांबत, तशी ती थांबली. कोणी काही बोललं नाही. उन्हं पायरीवरून ओट्यावर चढली, तिच्या गुडघ्यापर्यंत आली, चहावर साय धरली, आणि ती तशीच ऐकत बसून राहिली. त्या दिवशी तिचं मन क्षणभरसुद्धा दुसरीकडे कुठे गेलं नाही.